टर्बो पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड : बिडाचाच ठेवू की स्टेनलेस पाइपचा करून घेऊ?

घाटवळण
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्हवालं ते इंजिन, कंपनीची ताकद १५० पीएस. गाडी जुनी आहे पण जिवापाड सांभाळलीय. सध्या टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) खाली उतरवून नवीन कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) बसवायला दिलाय, इतक्या वर्षांनी ते करायलाच हवं होतं, आणि त्या निमित्ताने एक्झॉस्ट मॅनिफोल्डही (चारही सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोपर्यंत नेणारा भाग) टेबलावर येऊन पडलाय. तर मेकॅनिक म्हणतो एवढं सगळं उघडलंच आहे तर हा पण बदलून टाका.

पर्याय तीन दिसतायत. एक, आहे तोच बिडाचा मॅनिफोल्ड साफ करून परत बसवायचा. दोन, बाहेरून मागवलेला बिडाचाच पण आतून मोठा केलेला, याच टर्बोला बसणारा. तीन, भोसरीत एकाकडून स्टेनलेसचा ट्यूबवाला करून घ्यायचा. बजेट ओढूनताणून पन्नास हजार. गाडीचा वापर म्हणाल तर पुणे-सातारा, शनिवार-रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा, ट्रॅकवर नेण्याचा विचार नाही. ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आधीच झालाय, टर्बो कंपनीचाच के०३ राहणार. मला घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, २५०० ते ४५०० च्या दरम्यान गाडी अजून मोकळी व्हायला हवीय. टॉप स्पीडचं काही देणंघेणं नाही.

ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, ज्यांनी करून काढून टाकलंय त्यांनी तर नक्की लिहा.

रेंचपाना
टर्बो के०३ च राहणार असेल तर पन्नास हजार मॅनिफोल्डवर घालू नकोस, एवढंच सांगतो. त्या टर्बोचं टर्बाइन चाक मुळात छोटं आहे, कंपनीने ते छोटं ठेवलं म्हणूनच गाडी २००० च्या आसपास जोर धरायला लागते. वरच्या आरपीएमला जी घुसमट होते ती त्या चाकाच्या आणि त्याच्या हाउसिंगच्या तोंडाशी. त्याच्या अलीकडचा रस्ता चौपदरी केला तरी टोलनाका तेवढाच राहतो.

आधी टर्बो ठरतो, मग मॅनिफोल्ड. उद्या मोठा टर्बो लावणार असशील तर त्याचा फ्लॅंज (बोल्ट लावायची जोडाची पट्टी) वेगळा, बसण्याची जागा वेगळी, वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) आतला की बाहेरचा हा प्रश्न वेगळा, तेव्हा आज करून घेतलेला मॅनिफोल्ड भंगारात जाणार.

पोलोप्रेमी_ठाणे
चांगला धागा. माझ्या पोलो १.० टीएसआयला पण हेडर (ट्यूबवाला मॅनिफोल्ड) लावायचाय, कोणता घेऊ? रिमॅपवाला म्हणाला स्टेज दोन (रिमॅपचा पुढचा टप्पा) साठी लागेल.

रेंचपाना
@पोलोप्रेमी, तुझ्या गाडीला लावायला मॅनिफोल्डच नाहीये. १.० टीएसआयमध्ये तो सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे. तीन सिलिंडरची तोंडं हेडच्या पोटात एकत्र येतात, बाहेर एकच तोंड निघतं आणि त्याला थेट टर्बो बोल्ट केलेला असतो. भोवती कूलंट फिरतं. फायदा दोन्ही बाजूंनी आहे, सकाळी इंजिन लवकर तापतं आणि जोरात चालवताना गॅस थोडा थंड होऊन टर्बोत जातो, त्यामुळे टर्बाइन वाचवायला जादा पेट्रोल फेकावं लागत नाही. अलीकडच्या २३० पीएसवाल्या ऑक्टाव्हियातही हेच आहे. त्याआधीची लॉरा १.८ टीएसआय घेतली तर तिथे मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं हाउसिंग मिळून एकच ओतीव तुकडा. तिथे मॅनिफोल्ड बदलायचा म्हणजे टर्बोसकट बदलायचा.

रिमॅपवाल्याला डाउनपाइप (टर्बोच्या पुढचा पाइप) म्हणायचं असेल. परत विचार त्याला, पैसे देण्याआधी.

पोलोप्रेमी_ठाणे
बापरे. धन्यवाद दादा, मी तर ऑर्डर द्यायच्या तयारीत होतो.

धडधड_नागपूर
रेंचपानाभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे पण अर्धंच. मी स्वतः याच १.८ इंजिनवर ट्यूबवाला मॅनिफोल्ड चालवून राहिलो, फरक आहे म्हणजे आहेच. टर्बो मोठा आहे माझा ते कबूल. पण नुसता टर्बोचा विषय नाही बाप्पा. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशाला एक एक्झॉस्ट उघडतो आणि तो उघडा राहतो १८० पेक्षा जास्त. म्हणजे एक सिलिंडर शेवटचा धूर बाहेर ढकलत असतानाच पुढच्याचा पहिला जोरदार धक्का त्याच नळीत येतो. कंपनीचा जो बिडाचा मॅनिफोल्ड असतो, त्यात चारही तोंडं एकाच आखूड नळीत येऊन पडतात, मग तो धक्का शेजारच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरतो. जळलेला गॅस आत राहिला की नॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारा खडखडाट) वाढतो, नॉक वाढला की ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो, आणि तुम्ही म्हणता पिकअप कुठे गेला. लांब, सारख्या लांबीच्या नळ्या केल्या की धक्के वेगवेगळे टर्बोपर्यंत पोहोचतात. हे पुस्तकी नाही, ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) टायमिंग दिसतं मला.

आणि आवाज! एकदा ऐकला की माणूस परत बिडाकडे नाही जात.

शिरोलीकर
बिडाला नावं ठेवायला लागले म्हणून लिहायला बसलो भावांनो. माझं सगळं आयुष्य ओतकामात गेलंय, शिरोलीच्या एमआयडीसीत. कोल्हापूर पट्ट्यात किती फाउंड्र्या आहेत ते वेगळं सांगायला नको, आणि तुमच्या गाड्यांचे ब्लॉक, हाउसिंग, मॅनिफोल्ड यातलं बरंच काही आपल्या मातीतल्या साच्यातून निघालेलं असतं.

लोक बीड म्हटलं की विहिरीवरच्या इंजिनाचं राखाडी बीड डोळ्यासमोर आणतात. टर्बो पेट्रोलला ते चालतच नाही. पूर्ण लोडवर गॅसचं तापमान ९०० ते ९५० अंशांपर्यंत जातं, डिझेलला त्यापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून मॅनिफोल्डला एसजी आयर्न वापरतात, म्हणजे ज्यात ग्राफाइटच्या पाकळ्या नसून गोळ्या असतात, आणि त्यात सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम. याला आम्ही सायमो म्हणतो. धातूचं तापमान ८२०-८५० पर्यंत हा टिकतो. त्याच्या वर जायचं तर नी-रेझिस्ट, त्यातला डी५एस नावाचा प्रकार ३५ टक्के निकेलचा असतो, म्हणून महाग. आणि अजून वर जायचं तर ओतीव स्टेनलेस, एचके३० वगैरे. कंपन्या हा जिना उगाच चढत नाहीत, निकेलचा भाव बघूनच पाय टाकतात.

आता तडा का जातो ते बघा. मॅनिफोल्ड तापला की लांब व्हायला बघतो. हेड ॲल्युमिनियमचं असलं तरी पाण्याने थंड ठेवलेलं, ते तेवढं वाढत नाही. मॅनिफोल्डला दोन्ही टोकांना स्टडने जखडलेलं. मग वाढायला जागा नसली की तो गरम असताना जागच्या जागी दबतो, आणि गाडी बंद केल्यावर आखडताना ताणला जातो. हे रोज, वर्षानुवर्षं. शेवटी दोन तोंडांच्या मधे केसासारखी भेग. म्हणून चांगल्या मॅनिफोल्डची मधली भोकं नेमक्या मापाची असतात आणि टोकाची भोकं मोठी किंवा लंबगोल ठेवतात, सरकायला वाव म्हणून. आणि आपला मेकॅनिक काय करतो, तर पाइप घालून नट पिळतो. मग सरकायचं बंद.

घाटवळण, तुमचा मॅनिफोल्ड टेबलावर आहे ना, मग आधी त्याचं डाय पेनिट्रंट करून घ्या. लाल रंग फवारायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची, भेग असली तर लाल रेघ उमटते. आणि सपाट पट्टी लावून फेस (हेडला टेकणारा पृष्ठभाग) बघा. बरा निघाला तर वीस वर्षं टिकलेला ओतीव तुकडा फेकून कालचं वेल्डिंग कशाला लावता?

घाटवळण
@शिरोलीकर काका, हे इतकं सविस्तर कुठे वाचायला मिळालं नव्हतं, मनापासून धन्यवाद. उद्याच डाय पेनिट्रंट करतो. आणि पाइप घालून नट पिळणं… माझ्याच डोळ्यांसमोर झालंय ते एकदा, तेव्हा कळलं नव्हतं यात वाईट काय.

@धडधड, तुमचं पटतंय, पण तुमचा टर्बो कोणता आणि तो फुगायला (जोर धरायला) कधी लागतो?

धडधड_नागपूर
३५०० च्या पुढे बे. पण मग जे होतं ते होतं 😀

रेंचपाना
हेच म्हणतोय मी. त्याला २५०० ला हवंय, वरंधाच्या वळणातून बाहेर पडताना. तुझी गाडी तोवर विचार करत बसलेली असते.

ऑकलंडवाला
इथे न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या टर्बो गाड्यांची रेलचेल आहे, त्यामुळे हा वाद रोज ऐकतो. माझ्याकडे सुबारू आहे. सुबारूचा तो जो घुमणारा भुर्भुर आवाज सगळ्यांना आवडतो तो खरं तर असमान लांबीच्या नळ्यांमुळे येतो. बॉक्सर इंजिन, दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, टर्बो एका बाजूला, म्हणून एका बाजूच्या धुराला लांबचा प्रवास. धक्के एकसारख्या अंतराने पोहोचत नाहीत, म्हणून तो ठेका. जपानमध्ये पुढे ट्विन स्क्रोल (धूर दोन वेगळ्या वाटांनी घेणारा) टर्बो आणि सारख्या लांबीचा मॅनिफोल्ड दिला तर टर्बो लवकर फुगायला लागला पण तो आवाज गेला. इथे लोक उलटा प्रवास करतात, चांगला मॅनिफोल्ड काढून आवाजासाठी असमान लावतात. मला ते कधीच पटलं नाही, पण प्रत्येकाची हौस.

सांगायचा मुद्दा, तुमच्या इनलाइन चारमध्ये क्रम १-३-४-२ असतो. ट्विन स्क्रोल करायचा तर १ आणि ४ एका नळीत, २ आणि ३ दुसऱ्या नळीत घ्यावे लागतात, म्हणजे दोन धक्क्यांमधे पूर्ण एक फेरा मोकळा मिळतो. पण त्याला टर्बाइनच्या हाउसिंगला दोन वेगळी तोंडं हवीत. के०३ ला एकच तोंड आहे. तेव्हा कोणी 'ट्विन स्क्रोल मॅनिफोल्ड' म्हणून विकायला आला तर घेऊ नका.

सुमेधा_मोटारवाली
एक बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. मी विम्याच्या क्षेत्रात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधिक ठाम केलंय. त्याच जागी त्याच प्रकारचा सुटा भाग बसवणं ही दुरुस्ती झाली. पण मोठा टर्बो, बाहेरचा वेस्टगेट, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकलेला, हे सगळं दावा करताना अडचणीत आणू शकतं, विशेषतः विमा कंपनीला कळवलं नसेल तर. शिवाय आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कलम १९०(२) आहे, त्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

आणि घाटवळण, तुमची गाडी २००४ ची. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, म्हणजे आरटीओसमोर गाडी उभी करावीच लागणार. कन्व्हर्टरला हात लावू नका, हे काळजीपोटी सांगतेय.

रेंचपाना
ताई एकदम बरोबर. आणि यात तांत्रिक भर घालतो, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून थोडी जरी गळती असली तर धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा बघून म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि पीयूसीला सीओ जास्त. लोक सेन्सर बदलत बसतात.

मिसळ_सॅम्पल
सोसायटीच्या सेक्रेटरींना ह्या धाग्याची लिंक पाठवू नका कोणी, आमच्याकडे एकाच्या बुलेटवरून तीन मीटिंगा झाल्यात.

टिगवाला_भोसरी
इथे ट्यूबवाल्याची बाजू नीट मांडणारं कोणी दिसत नाही, आमचं रोजचं कामच हे. शिरोलीकर साहेबांबद्दल आदर आहे पण 'कालचं वेल्डिंग' म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवू नका. चांगलं केलेलं काम टिकतं. फक्त चांगलं म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि तो सर्वांत कमी कोटेशन उचलतो.

पाइपची जाडी आधी विचारा. बाजारात सायलेन्सरचा दीड मिलिमीटरचा पत्र्यासारखा पाइप वापरून चमकदार मॅनिफोल्ड करून देणारे आहेत, तो फोटोत छान दिसतो. टर्बोचं वजन त्यावर लटकलं आणि खाली लाल झाला की वाकतो, मग तडकतो. आम्ही शेड्यूल १० चा पाइप घेतो, सव्वा इंचीचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी, भिंत २.७७. एवढ्या इंजिनाला तो पुरतो, दीड इंची घ्यायची हौस करू नका, नळीत जागा वाढली की गॅसचा वेग पडतो आणि टर्बो उशिरा उठतो.

धातू. ३०४ स्वस्त आणि सहज मिळतो, पण तो साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या मधे जास्त वेळ राहिला तर कणांच्या कडेला क्रोमियम कार्बाइड धरतो आणि टाक्याच्या शेजारी ठिसूळ होतो. मॅनिफोल्ड आयुष्यभर त्याच पट्ट्यात असतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच पकडून ठेवतं. म्हणून रोज चालणाऱ्या टर्बो गाडीला ३२१ किंवा ३४७, आणि रॉड ३४७ चा. ३०४ केलाच तर कमी कार्बनचा ३०४एल आणि ३०८एल चा रॉड.

वेल्डिंग करताना आतून आरगॉन सोडायलाच हवा. नाहीतर टाक्याच्या मागे काळी साखर जमते, तिथूनच भेग सुरू होते, आणि तो खडा सुटला तर थेट टर्बाइनच्या चाकावर. गिऱ्हाइकाने नळीत टॉर्च मारून आतला टाका बघावा, बाहेरचे रंग बघून भुलू नये.

फ्लॅंज १० ते १२ मिमीचा, जाड प्लेटला बोल्ट करूनच वेल्ड मारायचा आणि थंड झाल्यावर त्याच बोल्टसकट सोडायचा, मग मिलिंगवर फेस मारायचा. फेस न मारता दिला तर गॅस्केट जळणार म्हणजे जळणारच. दोन तोंडांच्या मधे फ्लॅंज कापून ठेवला तर आणखी चांगलं, प्रत्येक तुकडा आपापला सरकतो. आता वाढीचं गणित करा, स्टेनलेस दर मीटरला दर अंशाला साधारण १८ मायक्रॉन वाढतं, ३०० मिमीची नळी ८०० अंशांनी तापली तर ४.३ मिमी लांब होते. बिडापेक्षा जवळजवळ दीडपट. ती वाढ जायला वळण हवं, नाहीतर स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा जोड). आणि टर्बोला खालून ब्लॉकपर्यंत टेकू, तो पण जरा हलणारा.

हे सगळं नीट केलं तर पन्नास हजारांत ३२१ होत नाही. मला काम मिळालं तर आनंदच आहे, पण घाटवळण दादांच्या वापराला मी स्वतः हो म्हणणार नाही.

शिरोलीकर
वा. असं काम करणारा माणूस असेल तर मी माझे शब्द मागे घेतो. टॉर्च मारून आतला टाका बघा, हे सोन्यासारखं सांगितलंत. आमच्याकडेही कास्टिंग आतून बघितल्याशिवाय पाठवत नाहीत, गाभ्याची रेती एखाद्या कोपऱ्यात चिकटून राहते आणि तिचंही तेच, सुटली की टर्बो खलास.

कोल्हापूरला आलात तर या, भट्टी दाखवतो, तांबडा पांढरा माझ्याकडून.

टिगवाला_भोसरी
नक्की येणार साहेब.

पावसाळी_पेडणे
हीट रॅपचं कोणी बोललं नाही. गोव्यात आमच्या एका ग्रुपमध्ये सगळ्यांनी हेडरला ती पांढरी पट्टी गुंडाळली होती. इथली खारी हवा आणि चार महिने पाऊस, गाडी दोन आठवडे उभी राहिली की पट्टी ओली राहते. एकाने काढली तर आतलं माइल्ड स्टीलचं हेडर पापुद्रे सुटून हातात आलं. स्टेनलेसला गंज कमी, पण पट्टीमुळे धातू अजून तापतो आणि टाक्याजवळ भेग लवकर जाते. बॉनेटखाली उष्णता कमी करायची असेल तर कंपनीची हीट शील्ड शोधून परत लावा. लोक गॅरेजमध्ये ती आधी फेकून देतात, खडखडते म्हणून.

धडधड_नागपूर
रॅपवर सहमत. सिरॅमिक कोटिंग करा, आतून-बाहेरून.

घाटवळण
अपडेट देतो. डाय पेनिट्रंट केलं, भेग नाही. फेस मात्र मधे किंचित उचललेला निघाला, पट्टीखालून फीलर गेज जातंय. लेथवाल्याकडे दिलाय.

आता प्रश्न असा की मनाचं समाधान होत नाहीये. सगळे म्हणतात टर्बो हीच अडचण, मॅनिफोल्ड नाही. पण माझ्या गाडीत हे खरंच तसं आहे का, हे मोजता येतं का?

रेंचपाना
येतं, आणि मॅनिफोल्ड बाहेर असतानाच तयारी करून घे, नंतर हात जात नाही. दोन ठिकाणी भोक पाडून १/८ इंची टॅप मार. एक, एखाद्या नळीवर हेडच्या जवळ. दुसरं, जिथे सगळं एकत्र येऊन टर्बोचा तीन बोल्टचा फ्लॅंज लागतो तिथे. त्यातून स्टीलची बारीक नळी मीटरभर गुंडाळून बाहेर आण, म्हणजे गॅस थंड होतो, मग पुढे रबर होज आणि साधा प्रेशर गेज. काम झालं की प्लग लावून टाक.

फ्लॅंजपाशी जो दाब दिसेल तो टर्बाइन आणि त्याच्या पुढच्या पाइपमुळे. हेडजवळचा दाब त्यापेक्षा जितका जास्त, तेवढाच मॅनिफोल्डचा दोष. लोक एकच भोक पाडतात आणि सगळं खापर मॅनिफोल्डवर फोडतात. फ्लॅंजपाशी आकडा बूस्टच्या (टर्बोने आत कोंबलेल्या हवेच्या दाबाच्या) दुप्पट निघाला तरी दचकू नकोस, कंपनीच्या छोट्या टर्बोला वरच्या आरपीएमला ते नेहमीचं आहे.

ऑकलंडवाला
एक दुरुस्ती. साधा गेज सरासरी दाखवतो. धडधड म्हणतायत तो शेजारच्या सिलिंडरचा धक्का गेजवर दिसणार नाही, त्याला झटपट मोजणारा सेन्सर लागतो. म्हणून दोन्ही आकडे जवळजवळ आले तरी मॅनिफोल्ड निर्दोष आहे असं पूर्ण सिद्ध होत नाही.

रेंचपाना
मान्य. पण तो धक्का त्रास देत असेल तर टायमिंग मागे घेतलेलं लॉगमध्ये दिसेल. दोन्ही एकत्र बघायचं.

धडधड_नागपूर
हे बरोबर बोलले. लॉग टाका इथे, मी बघतो.

पोलोप्रेमी_ठाणे
मी नुसता वाचतोय पण शाळेत विज्ञान असं शिकवलं असतं तर…

घाटवळण
बरेच दिवसांनी परत येतोय, टर्बो यायला वेळ लागला. गाडी जोडली, त्याच बिडाच्या मॅनिफोल्डवर, फेस मारून, नवीन गॅस्केट आणि नवीन एम८ स्टड. नट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंचने २५ न्यूटन मीटरला, मी स्वतः उभा राहून. मेकॅनिकला पाइप हातात घेऊ दिला नाही.

मोजलं ते असं. तिसरा गियर, पूर्ण दाबून, चढावर. ३००० ला बूस्ट ०.९ बार, फ्लॅंजपाशी ०.८, हेडजवळ साधारण तेवढंच, काट्याचा फरक. ४५०० ला बूस्ट ०.८, फ्लॅंजपाशी १.१, हेडजवळ १.१५. ६००० ला बूस्ट ०.६ वर उतरला, फ्लॅंजपाशी १.४ आणि हेडजवळ १.५. म्हणजे मला जिथे हवंय तिथे मॅनिफोल्डमुळे काहीच अडत नाहीये, आणि वर जे अडतंय त्यातलं बहुतेक टर्बाइनचं. टायमिंगचा लॉग धडधड यांना पाठवलाय.

धडधड_नागपूर
पाहिला लॉग. ४५०० पर्यंत टायमिंग मागे घेतच नाही, एकदम स्वच्छ. वर ५५०० नंतर थोडं घेते, ते या वयाच्या इंजिनला चालते. भाऊ, तुमच्या वापराला बीड योग्य, मी मान्य करतो. मोठा टर्बो लावाल त्या दिवशी मात्र मला फोन करा.

रेंचपाना
राहिलेल्या पैशांत इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा) बघ. त्या गाडीचा मूळचा पुढच्या चाकाजवळच्या कोपऱ्यात बसवलेला छोटा आहे, मेमध्ये घाटात दोन-तीनदा दाबलं की आतली हवा तापते आणि जोर पडतो. २५०० ते ४५०० मध्ये फरक हवा होता ना, तो तिथे मिळेल. आणि डाउनपाइप मोठा करायचा तर कन्व्हर्टर ठेवूनच.

सुमेधा_मोटारवाली
धन्यवाद कन्व्हर्टरबद्दल 🙂

घाटवळण
इंटरकूलरचा वेगळा धागा काढतो. हीट शील्डही एका भंगारवाल्याकडे मिळाली, थोडी ठोकून सरळ करून लावलीय. @टिगवाला, शील्डचा एक कान तुटलाय, तो जोडून द्याल का?

टिगवाला_भोसरी
शनिवारी दुपारी या, गाडी थंड करून आणा. आणि नटांवर पहिल्या हजार किलोमीटरनंतर एकदा टॉर्क रेंच फिरवून घ्या, नवीन गॅस्केट बसतं थोडं.

शिरोलीकर
इंजिन गार असताना फिरवा बरं का, गरम असताना नाही.